मत्स्यगंधेचा वास

रविवारची सकाळ. नांदेडकडे येणारी काळीपिवळी जीप एका फाट्यावर थांबली आणि एक बाई चढली. कडेवर ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं, त्यावर ओलं बारदान. माणसं सरकली, पण बाईला जागा करून द्यायला नव्हे, वासापासून लांब व्हायला. एका पँटशर्टवाल्यानं रुमाल नाकाला लावला. "मावशे, ते टपावर ठेव की," ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. "टपावर ऊन लागतंय. नासलं तर तू घेतूस का इकत?" मावशीनं पातेलं दोन्ही पायांत घट्ट धरलं आणि विषय संपला. तासाभरानं बाजारात तोच रुमालवाला तिच्यापुढे उकिडवा बसून मरळीचा भाव पाडून मागत होता. रुमाल खिशात.

हा प्रसंग मी विसरूनही गेलो असतो. पण त्या दिवसांत मी जुन्या तमिळ कवितांचं एक पुस्तक चाळत होतो आणि त्यात नेमकी हीच मावशी भेटली. दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या संगम साहित्यात 'नट्रिणै' नावाचा संग्रह आहे. त्यातल्या एका कवितेत रथात बसून आलेला श्रीमंत तरुण कोळ्याच्या पोरीवर भाळलेला आहे आणि तिची मैत्रीण त्याला सुनावते आहे. तिच्या बोलण्याचा मतलब असा: आमची पोर समुद्रावर जाणाऱ्यांची. आम्ही मोठे मासे कापतो, वाळत घातलेल्या मासळीवरची पाखरं हाकतो. आमच्या अंगाला वास येतो, जरा लांबच उभा राहा. तुझ्या तोलाच्या मुली तुझ्या गावात असतील, त्यांच्याकडे जा.

इथे वासाची लाज नाही. वासाचंच हत्यार केलंय.

आता आपल्याकडची कोळ्याची पोर आठवा. महाभारतातली सत्यवती यमुनेवर नाव चालवते. अंगाला माशाचा वास म्हणून तिचं नाव मत्स्यगंधा. पराशर ऋषी नावेत बसतात, तिच्यावर भाळतात आणि तिचा वास घालवतात. ती योजनगंधा होते, तिचा सुगंध योजनभर दरवळतो. मग ती व्यासांची आई होते, पुढे हस्तिनापूरची राणी. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी महाभारतावर 'व्यासांचे शिल्प' या पुस्तकात पुष्कळ विचार केला. मला मात्र एवढीच एक गोष्ट राहून राहून खुपते, की महाकाव्याच्या घरात पाऊल टाकण्याआधी कोळणीला अंघोळ घातली गेली. मराठी कथा-कादंबरीनंही हेच केलं असं माझं म्हणणं आहे. किनाऱ्यावरच्या कोळ्याला तिनं निदान सुगंधी करून घेतलं. आमच्या गोदावरीच्या, मांजरेच्या भोयाला तर नावेतून उतरूच दिलं नाही.

तमिळमध्ये हे वेगळं का झालं, याचं एक कारण त्यांच्या जुन्या काव्यशास्त्रात आहे. संगम कवींनी प्रेमाच्या कवितेसाठी भूमीचे पाच प्रकार ठरवले. कुरिंजी म्हणजे डोंगर, मुल्लै म्हणजे रान, मरुदम् म्हणजे भिजती शेती, पालै म्हणजे करपलेला मुलूख आणि नेय्दल म्हणजे समुद्रकाठ. प्रत्येक भूमीचं फूल ठरलेलं, पाखरू ठरलेलं, माणसांचा धंदा ठरलेला आणि मनाची अवस्थाही ठरलेली. नेय्दलची अवस्था वाट पाहण्याची. समुद्रावर गेलेला येतो की नाही, ही घालमेल. म्हणजे काव्याच्या वाड्यात कोळ्याची खोली पहिल्यापासून बांधलेली होती. कुणी येऊन राहायचं तेवढं बाकी होतं.

आपल्याकडे असं काही नव्हतंच असंही नाही. हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' ही पैठणच्या आसमंतातली, महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात गोदावरी पानोपानी वाहते. शेतकऱ्याची बायको, पाटलाची लेक, शिकाऱ्याचं घर, काठावरची झुडपं, तिथल्या चोरट्या भेटी, सगळं त्यात आहे. जॉर्ज हार्ट या अमेरिकन अभ्यासकानं तर या गाथांचं आणि संगम कवितांचं नातं दाखवून दिलंय. सुरुवात शेजारीशेजारीच झाली होती. पुढे त्यांची वाट समुद्राकडे गेली, आपली शेताच्या बांधावरून.

आधुनिक तमिळ कादंबरीत कोळी समाज ठसठशीत उभा राहतो तो १९७७च्या 'कडलपुरत्तिल'मध्ये. लेखक तिरुनेलवेलीचे वण्णनिलवन. पुस्तक लहानसं, गाव मणप्पाडु, माणसं ख्रिस्ती कोळी. म्हाताऱ्या कुरूस मायकेलचा मुलगा शिकून मास्तर झालाय. त्याला वाटतं, बापानं होडी विकावी, घर विकावं आणि आपल्याकडे येऊन राहावं. बाप होडी सोडायला तयार नाही. तिकडे किनाऱ्यावर यांत्रिक लाँचा आल्यात आणि होडीवाले विरुद्ध लाँचवाले अशी दोन गावं एकाच गावात झालीत. कोकणात पर्ससीन नेटवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातल्या मारामाऱ्या ज्यांनी वर्तमानपत्रात वाचल्या असतील, त्यांना हे भांडण ओळखीचं वाटेल. पण वण्णनिलवन भांडणाची बातमी देत नाहीत. त्या भांडणात कुणाच्या पोरीचं लग्न अडतं, कोण कुणाच्या दारावरून मान खाली घालून जातं, एवढंच दाखवतात.

मग २००४ साली जो डिक्रूझ आले. तिरुनेलवेली जिल्ह्यातलं उवरी हे त्यांचं गाव, जात परदवर, म्हणजे मोती काढणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या दर्यावर्दी लोकांची. हा समाज १५३०च्या दशकात पोर्तुगीजांच्या आश्रयाला जाऊन ख्रिस्ती झाला. डिक्रूझ स्वतः जहाजवाहतुकीच्या धंद्यातले. 'आळि सूळ् उलगु', म्हणजे समुद्रानं वेढलेलं जग, ही त्यांची पहिली कादंबरी. लाकडाचे ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर बसून वादळात भरकटलेली माणसं, आणि त्यांच्या मागे एका गावाच्या तीन पिढ्या. चर्च आहे, दारू आहे, तस्करी आहे, खून आहेत, आणि सगळ्यात जास्त आहे ती भाषा. वाऱ्याला त्यांच्याकडे दिशेप्रमाणे नावं. उत्तरेचा वाडै, पूर्वेचा कोंडल, दक्षिणेचा तेन्रल. कोणत्या वाऱ्यावर काय गावणार आणि कोणत्या वाऱ्याला घरात बसायचं, हे त्या नावातच आलं. नंतरची 'कोर्कै' ही जाडजूड कादंबरी २००९ची, तूतुकुडी बंदराच्या शंभरेक वर्षांवरची. तिला २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. किनाऱ्यावरच्या लोकांनी ती आपली म्हणून वाचली आणि आपली म्हणूनच तिच्याशी भांडणंही केली. आतल्या माणसानं लिहिलं की हे दोन्ही पदरात पडतं.

बाहेरच्या माणसानं लिहिलं की काय होतं, त्याचं उत्तम उदाहरण शेजारच्या मल्याळममध्ये आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळै हे वकील. त्यांची १९५६ची 'चेम्मीन' देशभर गाजली, १९६५च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. कोळ्याची बायको किनाऱ्यावर निष्ठेनं राहिली तरच नवरा समुद्रातून जिवंत परततो, ही समजूत तिच्या मुळाशी. कथा सुंदर आहे, पण समुद्रात होडी बुडण्याचा सगळा हिशेब एका बाईच्या चारित्र्यावर लावून मोकळं होणं लेखकाला परवडतं, कोळणीला नाही. तिला दुसऱ्या दिवशी बाजारात बसायचं असतं.

समुद्राचं हे सगळं आम्हा मराठवाड्यातल्यांना ऐकीव. आम्हाला समुद्र म्हणजे सहलीला पाहिलेली गोष्ट. नांदेडला गोदावरी आणि लातूरला मांजरा, तेरणा. म्हणून तमिळपेक्षाही मला जवळची वाटते ती एक बंगाली कादंबरी. 'तितास एकटि नदीर नाम'. लेखक अद्वैत मल्लबर्मन, जन्म १९१४, तितास नदीकाठच्या गोकर्ण गावातल्या मालो या मासेमार जातीत. मालोंनी आपसांत पैसे जमवून या पोराला शिकवलं. तो कलकत्त्यात पत्रकार झाला, क्षयानं १९५१ साली गेला आणि पुस्तक निघालं १९५६ साली. ऋत्विक घटकांनी १९७३मध्ये त्याचा चित्रपट केला. गोष्ट काय? नदी हळूहळू मरते. पात्रात बेटं वर येतात. वर आलेली जमीन बघून नांगरवाले धावतात, मालोंच्या हातात जाळं राहतं आणि जाळ्यात काही नाही. समुद्राच्या कादंबरीत माणूस बुडतो. नदीच्या कादंबरीत माणूस कोरडा पडतो. मराठवाड्याला दुसरं मरण चांगलं ओळखीचं आहे.

आता आमच्या काठावर येऊ.

नांदेडात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. गंगा म्हणतात. गंगेला पाणी आलं, गंगा उतरली, काठचा मुलूख तो गंगथडी. या गंगेवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेली माणसं म्हणजे भोई आणि कोळी. भोयांचं काम एकच कधीच नव्हतं. मासे धरायचे, नाव चालवून माणसं पैलतीरी सोडायची, पालखी-मेणे वाहायचे, उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावायच्या, आणि गावात भट्टी घालून फुटाणे-मुरमुरे भाजायचे. पाणी असेल तसा धंदा. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत भोई या एका नोंदीखाली जी पोटनावं आहेत ती एका दमात वाचून बघा. झिंगाभोई, परदेशी भोई, राजभोई, गाढव भोई, खाडी भोई, खारे भोई, कहार, केवट, मांझी, मल्हाव, नावाडी, मच्छेंद्र. सरकारी कागदावर इतकं रसाळ वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही. कोण खाऱ्या पाण्यातला, कोण गोड्या पाण्यातला, कोण राजाची पालखी उचलणारा, कोण उत्तरेकडून आलेला, सगळा इतिहास नावात. धर्माबादच्या पुढे नदी तेलंगणात शिरली की काठावरची माणसं तीच, नावं तेवढी बदलतात. तिकडे गंगपुत्र, बेस्ता, मुदिराज. सीमा कागदावरची. नदीला ती माहीत नाही आणि माशाला तर नाहीच.

साहित्यात या माणसांचं काय झालं? माणसं नाही, पण त्यांचे शब्द भाषेनं ठेवून घेतले. 'सांगड घालणे' हा शब्द आज कुठल्याही चर्चासत्रात दहा वेळा येतो. परंपरा आणि आधुनिकतेची सांगड, शेती आणि तंत्रज्ञानाची सांगड. सांगड म्हणजे मुळात दोन भोपळे किंवा दोन होड्या एकत्र बांधून केलेला तराफा. मोल्सवर्थच्या कोशात हा अर्थ नोंदलेला आहे. पूर आलेली नदी ओलांडायची तर वाळलेले पोकळ भोपळे कमरेला बांधून माणसं पाण्यात उतरत. 'ठाव लागणे' म्हणजे पाय तळाला टेकणे. 'उतार' म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. 'गळाला लागणे', 'जाळ्यात सापडणे', 'पाण्यात राहून माशाशी वैर' ही तर रोजचीच. जाळं विणणाऱ्या जीवालाही आपण कोळीच म्हणतो. एवढा शब्दांचा ऐवज ज्यांच्याकडून उचलला त्यांच्यासाठी मराठी गद्यात एखादं प्रकरण तरी असावं, अशी अपेक्षा गैर नाही.

मराठी माणसाला आठवणारा पहिला कोळी म्हणजे वाल्या. तो मासे धरत नाही, वाटमारी करतो, आणि रामनाम घेऊन कोळी राहत नाही. दुसरी कोळीण मत्स्यगंधा. वसंत कानेटकरांच्या १९६४च्या संगीत नाटकानं ती घराघरात नेली, अभिषेकीबुवांच्या चालींवर. तिसरा कोळी गाण्यातला. शांता शेळक्यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिलेली कोळीगीतं कुणाला पाठ नाहीत? स्नेहसंमेलनात लातूरच्या शाळेतली पोरंही टोपी घालून, हातात वल्हं धरून त्यांवर नाचतात. त्या पोरांपैकी कुणाचा आजा मांजरेवर जाळं टाकणारा असेल, तर त्यानं घातलेलं धोतर त्या नाचात नसतं. मुंबईच्या किनाऱ्याचा पोशाख हाच साऱ्या महाराष्ट्राच्या कोळ्याचा पोशाख होऊन बसलाय. मला ती गाणी आवडतात. पण त्यांत वारा येतो, लाट येते, वास येत नाही.

ग्रामीण साहित्याकडे वळावं तर त्याचा मध्यबिंदू शेतकरी. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त धनगर आणले, तेही एका तरुण मास्तराच्या नजरेतून, आणि ती मराठीतली थोर कादंबरी झाली. लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांनी १९७१ साली 'पाचोळा'त शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्या बोलीत सांगितली. बलुतेदाराच्या घरात शिरून इतकं कान देऊन ऐकणारं पुस्तक तेव्हा नवंच होतं. बलुतेदारांच्या काही याद्यांत कोळी येतो, पण पाणी भरणारा म्हणून. कथांमध्येही तो तसाच, खांद्यावर पाणी घेऊन वाड्यात शिरतो, रांजण भरतो आणि मागच्या दारानं निघून जातो.

मग लातूरच्याच धनेगावचे लक्ष्मण गायकवाड. १९८७चं 'उचल्या', दुसऱ्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. त्याआधी १९८०मध्ये लक्ष्मण मान्यांचं 'उपरा'. भटक्या-विमुक्तांची पोरं स्वतः लिहू लागली आणि मराठी गद्याला घाम, भूक, मार यांचे वास आले. म्हणजे जो डिक्रूझनं जे केलं ते करणारी माणसं आमच्याच भाषेत, त्याच्याही आधी होती. मग भोयाचं 'उचल्या' का नाही?

मला वाटतं, भोई मधल्यामध्ये अडकला. तो शेतकरी नव्हता, म्हणून ग्रामीण साहित्याच्या दिंडीत नव्हता. दलित साहित्याला ज्या बहिष्कारातून धग मिळाली तो बहिष्कार त्याच्या वाट्याला तशा रूपात आला नाही. त्याच्या हातचं पाणी चालायचं, त्याच्या खांद्यावरून पालखी चालायची. इंग्रजांनी ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्या जमातींसारखा पोलिसांचा ससेमिरा त्याच्यामागे नव्हता, म्हणून 'उचल्या'तला संताप त्याच्याकडून येणार नव्हता. त्याचं दुःख नदीसारखंच, मोसमी. चार महिने भरून, आठ महिने तळाला. असल्या दुःखाला मोठा आवाज नसतो.

कोळ्यांचं आणखी वेगळं. महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी या जमाती अनुसूचित जमातींच्या यादीत. मराठवाड्यातल्या कोळ्यांना आपण त्यांपैकी आहोत हे कागदावर सिद्ध करता करता दोन पिढ्या गेल्या. घरात पत्र्याच्या पेटीत एक फाईल असते. आज्याच्या शाळेचा निजामाच्या वेळचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, कुठल्या तरी चुलत्याचं प्रमाणपत्र, वंशावळ, शपथपत्र, पडताळणी समितीच्या तारखांचे कागद. ज्या घरात एवढी चिकाटीनं जमवलेली वंशावळ आहे त्या घरात कादंबरीचा कच्चा खर्डा तयारच आहे. फक्त तो समितीसाठी लिहिलाय, वाचकासाठी नाही.

आणि सामग्री? सामग्रीला तोटा नाही. उलट तीन पिढ्यांत या धंद्याचं जे झालंय ते कुठल्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असं आहे.

रोहू, कटला, मृगळ हे मासे आज नांदेड-लातूरच्या बाजारात सगळीकडे. पण हे वाहत्या, पूर आलेल्या पाण्यात अंडी घालणारे मासे. साठवण तलावाच्या उभ्या पाण्यात ते वाढतात, वंश मात्र वाढवत नाहीत. मग तलाव भरतो कसा? १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांना अंडी घालायला लावली. १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन आहे तो त्यामुळे. त्या टोचणीनं मराठवाड्याच्या भोयाचं आयुष्य बदललं, त्याला अंगुल कुठे आहे हे माहीत असो वा नसो. पूर्वी तो पावसाकडे डोळे लावून बसे, चढणीचे मासे वर येतील म्हणून. पहिल्या गढूळ लोंढ्याबरोबर मासे प्रवाहाच्या उलटे निघतात, ओढ्यानाल्यांतून वर चढतात, ते हे मासे. आता तो टेम्पोची वाट बघतो. टेम्पोतून प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या येतात, पिशवीत बोटभर लांबीची मत्स्यबीजं, बोटुकली. पिशवी आधी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं निवलं की तोंड सोडायचं. घाई केली की पिलं मरतात. वाहत्या नदीतला शिकारी असा तलावातला राखणदार झाला. त्याच्या हातात जाळ्याइतकीच सोसायटीची पावती आली, तलावाचा ठेका आला, रात्रीची राखण आली आणि चोरून जाळं टाकणाऱ्या गाववाल्याशी भांडण आलं. होडीच्या जागी बऱ्याच ठिकाणी थर्माकोलचे तुकडे खताच्या पोत्यात शिवून केलेला तराफा आला. भोपळ्याची सांगड गेली, थर्माकोलची आली.

या बीजाबरोबर न बोलावलेला पाहुणाही आला. चिलापी. मूळचा आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो उभ्या पाण्यातही पोरंबाळं वाढवतो, आणि अशी की तलाव त्याचाच होऊन जातो. बाजारात भाव कमी. जाळं जड लागलं म्हणून हात भरून यावेत आणि वर काढलं तर सगळी चिलापी. हसावं की रडावं असा हा क्षण रोजचा आहे.

नदीवरचा दुसरा बदल भिंतींचा. वर पैठणला जायकवाडी, नांदेडला लागून विष्णुपुरीचा शंकर सागर, खाली धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा. बाभळीवरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र यांच्यात वर्षानुवर्षं तंटा चालला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ फेब्रुवारी २०१३चा: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे. राजकारण्यांनी त्याचा अर्थ पाण्याचा हिशेब म्हणून लावला, शेतकऱ्यांनी रब्बीचा म्हणून. माशांचे चढणीचे दिवसही याच चार महिन्यांत पडतात. न्यायालयानं ते माशांसाठी केलं नव्हतं. पण नदीकाठच्या माणसाच्या पंचांगात मृग, आर्द्रा यांच्या शेजारी न्यायालयाची तारीख येऊन बसली, ही गोष्ट कादंबरीतच शोभावी अशी आहे.

आणि दुष्काळ. इथे जरा थांबतो, कारण दुष्काळावर मराठवाड्यात ढिगानं लिहिलं गेलंय, पण मासेमाराचा दुष्काळ वेगळा असतो हे त्या लिखाणात फारसं आलेलं नाही. शेतकऱ्याला दुष्काळ पहिल्या दिवसापासून दिसतो. ढग येत नाहीत, पेरलेलं उगवत नाही. मासेमाराला तो सुगी होऊन भेटतो. धरण आटू लागलं की तेवढीच मासळी कमी पाण्यात गोळा होते. जाळं टाकावं तिथे भरून येतं. दोन महिने घरात पैसा खेळतो, बायकोचं डोरलं सुटतं, पोराला सायकल येते. म्हातारी माणसं तेवढी या भरल्या जाळ्याकडे बघून गप्प होतात. मग एके दिवशी पाणी चिखलावर येतं, उरलेली मासळी गुदमरून पांढरी पोटं वर करते आणि त्यानंतर पुढचा पाऊस, पुढचं बीज आणि ते बीज वाढायला लागणारं वर्ष, इतका काळ काही नाही. सोसायटीनं घातलेल्या बीजाचा खर्च मात्र वहीत उभा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली, तेव्हा देशभरच्या कॅमेऱ्यांनी घागरी दाखवल्या, टँकर दाखवले. ते योग्यच होतं. पण लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण ज्या चिखलात जाऊन संपलं होतं, त्या चिखलात कुणाच्या होड्या रुतलेल्या होत्या, हे मी कुठे पाहिल्याचं आठवत नाही. भरल्या जाळ्यातून येणारा दुष्काळ! एवढी एक गोष्ट जरी कुणी नीट सांगितली तरी ती मल्लबर्मनच्या शेजारी मांडता येईल.

बायांचं तर बोललोच नाही. मासे धरणं पुरुषाचं, विकणं बाईचं, हे किनाऱ्यावर तसंच इथे. त्यामुळे रोख पैसा आधी बाईच्या हातात येतो. शेतकऱ्याच्या घरात हे सहसा घडत नाही. जीपमधल्या मावशीचा आवाज तेवढा खडा का होता, याचं उत्तर तिच्या कनवटीला होतं. ग्रामीण कथेतली सोशिक सून शोधायला जो भोयाच्या घरात जाईल त्याची पंचाईत होईल.

परवा संध्याकाळी घाटावर गेलो होतो. एक म्हातारबाबा जाळं शिवत बसले होते. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, हातात दोऱ्याची सुई, नजर पाण्याकडे. सुई बघायचीही गरज नाही, बोटं आपली भोकं शोधत जातात. जाळ्याच्या घराचं माप ते पट्टीनं घेत नव्हते. चार बोटं आत घालून बघायचे, आणि गाठ. मी विचारलं, जरा बारीक विणलं तर जास्त नाही का यायचे?

"येतील की. पोरं येतील," ते म्हणाले. "औंदा पोरं धरली तर पुढल्या साली काय धरू, पानी?"

मी शेजारी बसून जाळ्याचं दुसरं टोक धरलं. त्यांनी गाठ कशी मारायची ते दाखवलं, मला जमली नाही, त्यांनी ती उसवून पुन्हा मारली. अंधार पडेपर्यंत एवढंच चाललं. घरी आलो तर दारातच बायकोनं विचारलं, "मासे आणलेत का?"

"नाही."

"मग वास कसला येतोय?"